ठिबक संचावर दाबमापक बसवा, बाग वाचवा



सावदा किंवा रावेरहून केळी भरून दिल्लीकडे निघणारा ट्रकचालक गाडी हलविण्यापूर्वी समोरच्या काट्याकडे पाहतो. ब्रेकच्या टाकीत हवेचा पुरेसा दाब भरल्याशिवाय तो गाडी काढत नाही. ज्या बागेतून ती केळी निघाली, त्या बागेच्या ठिबक संचावर मात्र काटा असतोच असे नाही. असला तरी काच फुटलेली असते किंवा काटा एकाच जागी अडकलेला असतो. पंप सुरू झाला, नळीतून थेंब पडले, की पाणी पोचले असे आपण समजतो. हा समज उन्हाळ्यात महाग पडतो.

दाब कमी झाल्यास काय होते?

बाजारात दाबमापकाला प्रेशर गेज म्हणतात. त्याच्या तबकडीवर दाब किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर या मापात असतो. या लेखात त्याला थोडक्यात 'किलो' म्हटले आहे. १ किलो दाब म्हणजे सुमारे १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. तबकडीवर पीएसआय असल्यास १ किलो म्हणजे सुमारे १४.२ पीएसआय समजावे.

साध्या ड्रिपरचा ताशी ४ लिटर प्रवाह हा साधारणपणे १ किलो दाबाला धरलेला असतो. दाब ०.८ किलोवर आला की तोच ड्रिपर ताशी सुमारे ३.६ लिटर आणि ०.५ किलोवर आला की सुमारे २.८ लिटर पाणी देतो. दाबनियंत्रित ड्रिपर ठराविक मर्यादेत सारखे पाणी देतात, पण दाब त्या मर्यादेखाली गेला की त्यांचाही प्रवाह घटतो.

आता हिशेब करू. दीड बाय दीड मीटरवर लावलेल्या केळीची हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात. प्रत्येक झाडाला ४ लिटरचे दोन ड्रिपर आहेत आणि संच अडीच तास चालतो, असे धरा. योग्य दाब असेल तर झाडाला २० लिटर पाणी मिळेल. दाब अर्ध्यावर आला असेल तर १४ लिटरच मिळेल. हेक्टरी रोजची तूट सुमारे २६ हजार लिटर होते. घड्याळात तास तेवढेच भरतात, विजेचा वापरही होतो, जमीन वरून ओली दिसते. मे महिन्याच्या उन्हात आणि गरम वाऱ्यात घड निसवण्याच्या वेळी ही तूट पडली, तर पाने माना टाकतात, फण्या बारीक राहतात आणि कारण मात्र कळत नाही. काटा असता तर पहिल्याच दिवशी कळले असते.

दाबमापकाची निवड

या यंत्राच्या पोटात पितळेची चपटी, वाकविलेली नळी असते. दाब आला की ती थोडी सरळ होऊ पाहते आणि काटा फिरवते. फ्रान्समधील युजीन बूर्दाँ यांनी ही रचना १८४९ साली शोधली.

नेहमीचा दाब तबकडीच्या मधल्या भागात यावा असे माप निवडावे. संच २ किलोच्या आसपास चालत असेल तर ० ते ४ किलोचा दाबमापक घ्यावा. ० ते १० किलोच्या तबकडीवर ०.२ किलोचा फरक नीट वाचता येत नाही आणि आपल्याला तोच फरक वाचायचा असतो. पंपाच्या थरथरीने काटा नाचू नये म्हणून ग्लिसरीन भरलेला दाबमापक घेतलेला बरा.

कोठे बसवावा?

१) वाळूच्या गाळणीच्या आधी.
२) वाळूच्या व जाळीच्या गाळणीच्या मध्ये.
३) जाळीच्या गाळणीच्या पुढे.
४) शेतातील उपमुख्य नळीच्या सुरुवातीला, झडपेनंतर.

याशिवाय एक सुटा दाबमापक जवळ ठेवावा. तो शेवटच्या उपनळीच्या टोकाला जोडून महिन्यातून एकदा दाब पाहावा. एका झडपेवरील पहिल्या व शेवटच्या ड्रिपरच्या दाबात २० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा. तसे असल्यास साध्या ड्रिपरच्या पाण्यातील फरक १० टक्क्यांच्या आत राहतो.

कसा बसवावा?

१) पंप बंद करून नळीतील दाब पूर्ण सोडावा. दाब असताना कोणतेही बूच खोलू नये.
२) गाळणीवर आट्याचे बूच असल्यास ते काढून तेथेच जोडणी करावी. पीव्हीसी नळीवर सॅडल बसवून मगच भोक पाडावे. आतील कीस काढून टाकावा, नाहीतर तो पुढे जाऊन अडकतो.
३) बाक किंवा झडपेला अगदी लागून जागा निवडू नये. तेथे पाणी घुसळते व काटा स्थिर राहत नाही.
४) आधी लहान बॉल व्हॉल्व्ह आणि त्यावर दाबमापक बसवावा. वाचन घेतल्यावर व्हॉल्व्ह बंद ठेवावा. पंप सुरू-बंद होताना बसणारे हिसके टळतात व यंत्र जास्त काळ टिकते.
५) आट्यांवर टेफलॉन टेपचे तीन-चार वेढे आट्यांच्या दिशेने द्यावेत. तबकडी धरून पिळू नये, खालच्या चौकोनी भागावर पाना लावावा.
६) पंप सुरू करताना बायपास उघडा ठेवून दाब हळूहळू वाढवावा. गळती नाही याची खात्री करावी.

दाब नसताना काटा शून्यावर आला पाहिजे. यंत्र खरे सांगते का, हेही तपासता येते. पाण्याच्या टाकीच्या तळाशी असलेल्या नळाला ते जोडावे आणि बाकीचे नळ बंद ठेवावेत. टाकीतील पाण्याची पातळी दाबमापकापासून ५ मीटर वर असेल तर काटा अर्ध्या किलोवर यावा.

काटा काय सांगतो?

गाळण्या धुऊन स्वच्छ केल्यावर पहिल्या दिवशीचे आकडे वहीत लिहावेत. पुढचे सर्व निदान याच आकड्यांवर चालते. समजा, त्या दिवशी तीन ठिकाणी २.०, १.८ व १.७ किलो दाब होता. काही दिवसांनी २.२, १.६ व १.५ आला. वाळूच्या गाळणीतील फरक ०.२ वरून ०.६ झाला, जाळीच्या गाळणीतील मात्र ०.१ च राहिला. म्हणजे दोष वाळूत आहे. पाणी उलटे सोडून वाळू धुवावी. स्वच्छ असतानाच्या फरकापेक्षा ०.२ ते ०.३ किलोने वाढ झाली की गाळणी धुणे योग्य.

- सर्व काटे खाली आले व गाळण्यांतील फरक वाढला नाही, तर विहिरीची पातळी खाली जाणे, पंपाची झीज, फुटलेली नळी किंवा एकाच वेळी जास्त झडपा उघडणे, यांपैकी कारण शोधावे.
- सर्व काटे नेहमीपेक्षा वर गेले, तर पुढे झडप बंद आहे किंवा ड्रिपर चोंदले आहेत असे समजावे. जास्त दाब म्हणजे जास्त पाणी, असे येथे नसते.
- सुरुवातीला दाब ठीक व टोकाला कमी असेल, तर उपनळ्यांची टोके सोडून त्या धुवाव्यात. क्षारयुक्त पाण्याच्या भागात ड्रिपर उघडून पांढरा थर पाहावा.

सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूर, चोपडा, यावल भागात उताराची शेते आहेत. तेथे दर मीटर उतारामागे दाब ०.१ किलोने वाढतो. पंपापेक्षा ८ मीटर खाली असलेल्या तुकड्यात ०.८ किलो दाब वाढू शकतो. म्हणून प्रत्येक तुकड्याची झडप तेथल्या काट्यावरूनच ठरवावी.

दाबमापकाची किंमत संचाच्या मानाने अगदी थोडी असते. मृगबाग असो की कांदेबाग, पाणी सुरू केल्यावर दाब स्थिर झाला की काटे पाहून आकडे वहीत लिहावेत. या कामाला पाच मिनिटे पुरतात. घरातील प्रत्येकाला हे वाचन शिकवावे, म्हणजे आपण बाहेरगावी असतानाही बाग उपाशी राहणार नाही.