वाचकांचे प्रश्न : सामाईक भिंतीतला झरोका आणि गॅसचा गिझर

प्रश्न : नागपूर जिल्ह्यातील मौद्याच्या जुन्या वस्तीतील एक कवेलूचे घर पंचवीस-एक वर्षांपूर्वी दोन भावांत वाटले गेले. मधली मातीची जाड भिंत दोघांची राहिली. थोरल्याच्या वाट्याला आलेल्या स्वयंपाकघराचा झरोका त्याच भिंतीत आहे आणि तो धाकट्याच्या अंगणाकडे उघडतो. हा झरोका वाटणीच्या आधीपासूनचा. पाच वर्षांपूर्वी थोरल्याच्या मुलाने न्हाणीघरात गॅसचा गिझर बसवला आणि भिंतीला दुसरे भोक पाडून त्यात एक्झॉस्ट पंखा लावला. आता धाकट्याच्या घरच्यांना वीज प्रकल्पात कामाला येणाऱ्यांसाठी वर भाड्याच्या खोल्या काढायच्या आहेत. त्यासाठी भिंत उंच करायची आणि दोन्ही भोके बुजवायची, असे ते म्हणतात. कायद्याने हे करता येते का?

उत्तर : भिंत कोणाची, भोक किती जुने आणि त्या भोकातून येते-जाते काय, या तीन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात. ती वेगवेगळी शोधली नाहीत, तर ज्याचा हक्क खरा आहे त्याचाही दावा फसतो.

भिंतीची मालकी आधी कागदावर पाहायची. वाटणीपत्र, आखीव पत्रिका आणि घराचा मंजूर नकाशा हे त्यातले महत्त्वाचे कागद. नगरपंचायतीचा कर आकारणीचा उतारा बहुतेक घरांत जपून ठेवलेला असतो, पण तो कर कोण भरतो एवढेच सांगतो. मालकी सिद्ध करायला तो पुरत नाही. वाटणीपत्राची नोंदणी झाली नसेल तर ते केव्हा आणि कशासाठी लिहिले हे पाहावे लागते. वाटणी तोंडी होऊन गेली आणि पुढे आठवणीसाठी तिची नोंद लिहून ठेवली, तर तो कागद नोंदणीशिवायही पुराव्यात येऊ शकतो. त्या कागदानेच वाटणी घडवली असेल, तर मात्र नोंदणी लागते.

भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे अर्ज करून मोजणी करून घेता येते. मात्र नकाशावर हद्द ही एक रेघ असते आणि मातीची भिंत दीड-दोन फूट जाड असते. रेघ भिंतीच्या मधून जाते की कडेने, हे पुष्कळदा भिंतीकडे पाहूनच ठरवावे लागते. दोन्ही घरांच्या तुळया तिच्यावर टेकल्या आहेत का? कोनाडे आणि दिवळ्या कोणत्या बाजूने काढल्या आहेत? जोत्याची पायरी कोणाच्या अंगाला बाहेर येते, वळचणीचे पाणी कोणाच्या आवारात पडते, लिंपण आणि डागडुजी आजवर कोणी केली? दोन्ही घरांचा भार भिंतीवर असेल आणि उलट दाखवणारा कागद नसेल, तर ती सामाईक मानण्याकडेच न्यायालयांचा कल असतो.

सामाईक भिंतीसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1996 चा तसा कायदा आहे, आणि अशा भिंतीवर काम काढायचे तर शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. इथे सहमालकीचे साधे तत्त्व लागू होते. प्रत्येकाने भिंत पूर्वीपासून चालत आली तशी वापरावी. दुसऱ्याच्या संमतीशिवाय ती पाडणे, कमजोर करणे, तिला आरपार भोक पाडणे किंवा एकट्याने तिची उंची वाढवणे यांतले काहीच करता येत नाही. त्यामुळे धाकट्याला भिंत वर चढवायची तर थोरल्याची संमती हवी. पण त्याच न्यायाने थोरल्याच्या मुलाने पाच वर्षांपूर्वी पाडलेले भोकही बेकायदाच ठरते. शिवाय मातीच्या भिंतीवर वरच्या मजल्याचा भार टाकणे दोन्ही घरांच्या जिवावर बेतू शकते. आपल्या हद्दीत सिमेंटचे खांब उभारून खोल्या त्यावर घेतल्या, तर संमतीचाही प्रश्न उरत नाही आणि भिंतीलाही धक्का लागत नाही. हाच मार्ग शहाणपणाचा आहे. अर्थात नगरपंचायतीची बांधकाम परवानगी त्यालाही लागेल. ती परवानगी बांधकाम नियमात बसते एवढे सांगते. जमीन किंवा भिंत कोणाची हे ती ठरवत नाही.

आता जुना झरोका. त्याला भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 लागू होतो. हा कायदा सुरुवातीला मद्रास, कूर्ग आणि मध्य प्रांत एवढ्याच मुलखांत 1 जुलै 1882 पासून आला. नागपूर मध्य प्रांतात असल्याने मौद्याला तो पहिल्या दिवसापासून लागू आहे. मुंबई इलाख्यात तो 1891 मध्ये गेला. या कायद्याच्या कलम 15 प्रमाणे एखाद्या इमारतीला उजेड किंवा हवा शांततेने, खंड न पडता, सुविधाधिकार म्हणून 20 वर्षे मिळत आली असेल, तर तो हक्क पक्का होतो. कलम 13 वाटणीपुरते याहून पुढे जाते. वाटणीच्या वेळी जी सोय उघड दिसत होती, सतत चालू होती आणि त्या हिश्शाचा पूर्वीसारखा उपभोग घ्यायला आवश्यक होती, ती त्या हिश्शाबरोबर जाते. तसे न करण्याचे ठरले असेल तरच अपवाद. वाटणीआधीचा स्वयंपाकघराचा झरोका या दोन्ही कलमांत बसतो, म्हणून तो बुजवता येणार नाही. मात्र हक्क मिळतो तो इतकी वर्षे जेवढी हवा आणि उजेड आला तेवढ्यापुरताच. झरोका मोठा करून खिडकी काढली, तर वाढीव भागाला संरक्षण नाही. मोकळ्या जमिनीला हवा-उजेड मिळावा असा हक्क तर कितीही वर्षे गेली तरी तयार होत नाही, म्हणून परसातल्या बागेचे ऊन अडते ही तक्रार टिकत नाही.

एक गोष्ट वकिलांकडूनही निसटते. झरोक्यातून हवा आत येणे हा एक हक्क आहे आणि त्यातून धूर शेजाऱ्याच्या अंगणात सोडणे हा दुसरा. दुसऱ्यालाही 20 वर्षे लागतात आणि त्याची व्याप्ती त्या काळाच्या सुरुवातीला जेवढा धूर जात होता तेवढीच राहते. घरच्या स्वयंपाकाचा धूर जात होता म्हणून त्याच झरोक्यातून पुढे भट्टीचा धूर सोडता येत नाही.

गिझरचे भोक पाच वर्षांचे आहे, तेव्हा त्याला सुविधाधिकार नाही. धाकट्याने तोंडी ‘लावून घ्या’ म्हटले असेल, तरी ती केवळ परवानगी ठरते आणि ती सहसा काढून घेता येते. धाकटा ते बंद करण्याची मागणी करू शकतो. पण गिझर चालू असताना बाहेरून बोळा किंवा सिमेंट कोंबणे हा त्याचा मार्ग नव्हे. आत अंघोळीला बसलेल्याचा त्यात जीव जाऊ शकतो, आणि तसे झाले तर प्रकरण दिवाणी न राहता फौजदारी होते. आधी लेखी नोटीस द्यावी, मुदत द्यावी, गिझर हलल्याची खात्री करावी आणि मगच भोक बुजवावे. उलट बाजूने, जुन्या झरोक्यापुढे धाकट्याने विटा रचल्या, तर थोरल्यालाही त्या स्वतः पाडता येत नाहीत. कलम 36 ने ती मुभा काढून घेतली आहे; दाद न्यायालयातच मागायची.

गिझरच्या बाबतीत मात्र हक्काच्या निकालाची वाट पाहत बसू नये. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे 12 घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. चार फूट बाय पाच फूट, आठ फूट उंच अशा न्हाणीघरात साडेचार घनमीटर हवा असते. म्हणजे दार-खिडकी बंद असेल, तर खोलीभर हवेएवढी हवा वीस-पंचवीस मिनिटांत ज्योतीतून गेलेली असते. हवा कमी पडू लागली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि दार उघडायचे बळ उरत नाही. गॅसला लावलेला तो ओळखीचा वास फक्त न जळलेल्या गॅसची गळती सांगतो. या विषाची चाहूल त्याने लागत नाही. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसणे आणि वर काजळी धरणे, या खुणा दिसल्या की गिझर लगेच बंद करावा. विदर्भात हा धोका थंडीत वाढतो. डिसेंबर-जानेवारीत न्हाणीघराची फट अन् फट बंद केली जाते, आणि उन्हाळ्यात कुलर बसवलेली खिडकी तेव्हा गोणपाटाने किंवा प्लॅस्टिकने झाकलेली असते.

हवेसाठी दोन वाटा लागतात. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की ती फरशीलगत साचते, म्हणून एक जाळी जमिनीजवळ हवी. जळालेली गरम हवा वर चढते, म्हणून दुसरी वाट छताजवळ हवी. नुसता एक्झॉस्ट पंखा लावला आणि हवा आत यायला जागा ठेवली नाही, तर पंखा गिझरची जळालेली हवा उलटी खोलीत ओढू शकतो. राष्ट्रीय इमारत संहिता उष्ण व कोरड्या हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश खिडकी सुचवते आणि स्वयंपाकघरासाठी त्यात 25 टक्के वाढ करायला सांगते. 80 चौरस फुटांच्या स्वयंपाकघराला त्या हिशेबाने 10 चौरस फूट खिडकी हवी. जुन्या घरातला झरोका सहसा याच्या जवळपासही नसतो.

तेव्हा थोरल्याच्या घराने गिझर न्हाणीघराबाहेर, स्वतःच्या अंगणातल्या उघड्या पण पावसापासून आडोशाच्या भिंतीवर घ्यावा आणि गरम पाण्याची नळी आत न्यावी. बाहेर जागा नसेल, तर धुराची नळी कवेलूच्या वर, मोकळ्या हवेत काढता येईल असा गिझर घ्यावा किंवा विजेचा बसवावा. शेजाऱ्याकडे उघडणारे भोक ही सोय म्हणूनही वाईटच आहे: धाकट्याने उद्या अंगणावर पत्रा टाकला, तर तोच विषारी वायू त्याच्या घरात साचेल. गळतीचा वास आला तर 1906 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

प्रश्न : शेजारी खानावळ सुरू झाली. तिचा मोठा पंखा घरच्या अंगणात धूर आणि फोडणीचा खाट फेकतो. मागे गॅसचे सिलिंडर रचलेले असतात. तक्रार कोणाकडे करायची?

उत्तर : इथे 20 वर्षांचा हिशेब शेजाऱ्याने द्यायचा आहे, तक्रारदाराने नाही. आपल्या जमिनीवर येणारी हवा दुसऱ्याने गैरवाजवी रीतीने दूषित करू नये, हा हक्क 1882 च्या कायद्यातील कलम 7 प्रमाणे प्रत्येक मालकाला जागेबरोबरच मिळतो. तो कमवावा लागत नाही. त्रास एकाच घराला असेल तर दिवाणी दावा करून मनाई हुकूम मागावा. आळीतल्या अनेक घरांना असेल तर नगरपंचायतीकडे तक्रार करावी आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 133 ते हेच. 1 जुलै 2024 पासून क्रमांक बदलला.

सिलिंडरची बाब वेगळी आणि अधिक निकडीची. घरगुती 14.2 किलोचे सिलिंडर खानावळीत वापरायला मनाई आहे. त्याची तक्रार तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत करता येते. परवान्याशिवाय एकूण 100 किलोपर्यंतच एलपीजी ठेवता येतो. 19 किलोचे पाच व्यावसायिक सिलिंडर म्हणजे 95 किलो. सहावे आले की मर्यादा ओलांडली. तक्रारीबरोबर तारखेसह फोटो द्यावेत.

प्रश्न : झरोका बुजवलाच, तर दावा किती दिवसांत आणि कुठे करायचा? खर्च झेपत नसेल तर काय?

उत्तर : मौद्यातच दिवाणी न्यायालय आहे. 20 वर्षांचा उपभोग दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेला असला पाहिजे. याहून महत्त्वाचे म्हणजे, अडथळा झाल्याचे कळल्यावर एक वर्ष गप्प राहून तो सोसला, तर कायद्याच्या दृष्टीने उपभोग खंडित होतो. म्हणून पहिल्या आठवड्यातच लेखी हरकत पाठवून तिची पोच जपून ठेवावी.

दाव्यात काय लिहायचे याला फार महत्त्व आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये स्पष्ट केले की सुविधाधिकार मागणाऱ्याने दुसऱ्याची मालमत्ता दुसऱ्याची समजूनच वापरलेली असावी लागते. ‘ही जागा माझीच’ असे म्हणत केलेला वापर त्यात धरत नाहीत. 2008 च्या निकालात त्याच न्यायालयाने म्हटले की दावा केवळ मालकीचा असेल, तर न मागितलेला सुविधाधिकार न्यायालय देऊ शकत नाही. म्हणून मालकी आणि सुविधाधिकार यांतला कोणता आधार घ्यायचा हे दावा लिहितानाच ठरवावे, आणि दोन्ही घ्यायचे तर एक पर्यायी म्हणून स्पष्ट मांडावा. दाव्याबरोबरच तात्पुरत्या मनाई हुकुमाचा आणि कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज द्यावा. कमिशनर येऊन झरोक्याचे माप आणि चौकटीचे जुनेपण नोंदवतो. नवे प्लॅस्टर चढण्याआधी ही नोंद झाली, तर पुढची साक्ष सोपी जाते.

स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कायद्यात सांगितलेल्या इतर काही गटांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा. दाव्याआधीही प्रकरण लोकअदालतीत नेता येते. दावा चालू असताना तिथे मिटला तर भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. तिचा निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही.

भावाभावांत घरातच तडजोड झाली, तर कागदावर झरोक्याचे माप, गिझर हलवण्याची तारीख, भिंतीच्या दुरुस्तीचा खर्च कोणी किती द्यायचा आणि नव्या खांबांचे भिंतीपासूनचे अंतर एवढे लिहून घ्यावे. एकाने दुसऱ्याला झरोक्याचा नवा हक्क लिहून दिला असेल, तर तो कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. चालू दाव्यातील मालमत्तेपुरती तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्यात उतरली असेल, तर सहसा वेगळी नोंदणी लागत नाही.