गुडघ्यांची झीज : कारणे व काळजी



बेणे, खत, पाणी यांविषयी आपण नेहमी बोलतो. प्लॉट पाहायला गावोगाव फिरताना मात्र एक तक्रार सारखी कानावर येते, "साहेब, ऊस झकास हाय, पण गुडघं काम देईनात." म्हणून या वेळी थोडे गुडघ्याविषयी.

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. त्यामुळे हाडाला हाड घासत नाही. हा थर झिजला की गुडघा दुखतो, कटकट वाजतो, सुजतो. कूर्चा म्हणजे खोडवा नव्हे. झिजली की पुन्हा पूर्वीसारखी फुटत नाही. म्हणून झीज कशाने वाढते ते आधी समजून घ्यावे.

१. कामाची पद्धत : तासन्‌तास उकिडवे बसणे, गुडघे टेकणे व जड ओझे उचलणे ही कामे धोक्याची. दोन्ही एकत्र आली की धोका आणखी वाढतो. भांगलण, बुडखे छाटणे यांत बैठक मोडत नाही. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्या तोडणी मजुराचे गुडघे तर दुहेरी भार सोसतात.

२. वजन : अंगावरचे १ किलो वजन कमी झाले, तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो. ५ किलो घटले तर २० किलो! हल्ली शेतावर जाणे मोटारसायकलवर, मशागत ट्रॅक्टरने. जेवण मात्र पूर्वीचेच. मग वजन वाढणारच.

३. जुनी इजा : रात्रीचे पाणी देताना चिखलात पाय मुरगळतो. आपण हळद लावून दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. आतली गादी फाटली असेल, तर तोच गुडघा पुढे लवकर झिजतो.

४. वय व स्त्रिया : पन्नाशीनंतर हे दुखणे स्त्रियांत अधिक आढळते. उसाची नोंद आपल्या नावावर असली, तरी भांगलण घरच्या बाईच्या गुडघ्यावर होते. ती बोलत नाही म्हणून दुखत नाही असे समजू नये.

काय करावे?

भांगलणीला बुटका पाट घ्यावा, दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. सरी मोकळी आहे तोवर सायकल कोळपे चालवावे. युरियाचे पोते ४५ किलोचे, मिश्र खताचे ५० किलोचे. ते दोघांनी उचलावे. चहातील साखर कमी करावी. साखर कारखान्याचा माणूस हे सांगतो म्हणून हसू नये!

दुखते म्हणून खाटेवर पडून राहू नये; मांडीचे स्नायू ढिले पडले की गुडघा जास्त दुखतो. खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करावा, पाच अंक मोजेपर्यंत धरावा. असे प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ करावे. सपाट रस्त्यावर रोज चालावे.

दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाऊ नयेत. जठर व मूत्रपिंडाला अपाय होतो. गुडघा लाल व गरम झाला, ताप आला, किंवा सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त राहू लागला, तर दुखणे वेगळे असू शकते. डॉक्टरांना लगेच दाखवावे.

पिकावर कीड दिसताच आपण धावपळ करतो. गुडघ्याच्या पहिल्या कळेलाही तीच तत्परता दाखवावी.

— ऊस विकास अधिकारी