दात व हिरड्यांची रोजची निगा

बाजारात बैल घेताना आपण प्रथम त्याचे तोंड उघडून पाहतो. आदत आहे, दोनदाती आहे की जुळलेला आहे, हे पाहिल्याशिवाय सौदा होत नाही. पण आपल्या स्वतःच्या किंवा घरच्या मुलाबाळांच्या तोंडात आपण शेवटचे कधी पाहिले? बहुधा दाढ ठणकू लागल्यावरच! तोपर्यंत पुष्कळ नुकसान झालेले असते. वेळीच काळजी घेतली तर हे नुकसान बव्हंशी टाळता येते.

दात का किडतात?

दातांवर सतत एक चिकट, न दिसणारा थर बसतो. त्यात असंख्य जिवाणू असतात. आपण खाल्लेल्या गोड व पिठूळ पदार्थांपासून ते आम्ल तयार करतात. जमिनीचा सामू आपणास परिचित आहेच. तोंडातील लाळेचा सामू साधारणपणे ७ च्या जवळपास असतो. गोड खाल्ल्यावर दातांलगत तो काही मिनिटांतच उतरतो. तो ५.५ च्या खाली गेला, की दाताच्या टणक कवचातील कॅल्शियम व स्फुरद विरघळू लागते. लाळेमुळे सामू पूर्ववत होतो, पण त्यास अर्धा ते एक तास लागू शकतो. म्हणून गोड किती खाल्ले, यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे अधिक महत्त्वाचे आहे. दिवसभरात सात-आठ वेळा साखरेचा चहा घेणाऱ्याच्या दातांना सावरण्यास उसंतच मिळत नाही. झोपेत लाळ कमी सुटते. त्यामुळे रात्री दात न घासता झोपणे सर्वांत हानिकारक ठरते.

हिरड्यांतून रक्त येणे : पहिली सूचना

हा चिकट थर काढला नाही तर हिरडीच्या कडेने साचून हळूहळू कठीण होतो. यालाच आपण किटण म्हणतो. हिरड्या लाल होतात, सुजतात व घासताना रक्त येते. अशा वेळी अनेकजण तेथे ब्रश लावणेच बंद करतात. ही चूक आहे. तेथेच हलक्या हाताने, पण नियमित घासावे. थर निघाला की सूज ओसरू लागते. मात्र किटण ब्रशने निघत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे. दुर्लक्ष केल्यास दाताभोवतीचे हाड झिजते. पावसाने मुळांजवळची माती वाहून गेलेल्या झाडाप्रमाणे चांगला दातही हलू लागतो. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. मधुमेह असणाऱ्यांनी हिरड्यांची विशेष काळजी घ्यावी, कारण हे दोन्ही आजार एकमेकांस वाढवितात.

मशेरी हे दंतमंजन नव्हे

मशेरी, म्हणजेच मिश्री, ही तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू होय. तंबाखूयुक्त टूथपेस्ट व दंतमंजनावर केंद्र शासनाने १९९२ मध्ये बंदी घातली. पण घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मशेरीला कायदा कोठवर अडविणार? माझ्या आईने दाढदुखीवर उपाय म्हणून मशेरी सुरू केली. ठणका तात्पुरता थांबला, सवय मात्र तीस वर्षे टिकली. आज ती भाकरी दुधात कुस्करून खाते. हुरड्याच्या दिवसांत सारे घर शेतावर हुरडा खात असताना ती नुसती बसून असते. पिकांच्या निगेविषयी गावोगाव बोलणाऱ्या मुलाचे घरातल्या दुखण्याकडे लक्ष गेले नाही, याची मला खंत आहे. मशेरीने हिरड्या खाली सरकतात, तिची सवय सुटत नाही व तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गर्भवती स्त्रियांनी तर ती मुळीच लावू नये.

रोज काय करावे?

१. सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी प्रत्येकी दोन मिनिटे दात घासावेत. रात्री घासल्यानंतर पाण्याखेरीज काहीही घेऊ नये.

२. ब्रश मऊ असावा. हिरडीकडे किंचित तिरपा धरून लहान-लहान फेऱ्यांनी हळुवार घासावे. तीन महिन्यांनी किंवा केस वाकताच ब्रश बदलावा.

३. फ्लोराईडयुक्त, सुमारे १००० पीपीएमची टूथपेस्ट वापरावी. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पुरते. मुलांना ती गिळू देऊ नये.

४. राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी, जाड मीठ यांनी दात घासू नयेत, कवच झिजते. कडुनिंबाची काडी वापरायची झाल्यास टोक चांगले चावून मऊ करावे, हिरडीवर रगडू नये.

५. चहा, गूळ, बिस्किटे शक्यतो जेवणाच्या वेळीच घ्यावीत. नंतर पाण्याने खळखळून चूळ भरावी.

६. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे नवी दाढ येते. ती कोणताही दात न पडता येत असल्याने दुधाचीच समजली जाते. ती कायमची असते, तिला जपावे.

पाण्याची तपासणी

यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांतील काही गावांत कूपनलिकेच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आढळते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसल्यास कमाल मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. गावातील बऱ्याच मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग असतील तर माती परीक्षणाप्रमाणेच पाण्याचीही तपासणी करून घ्यावी. हे डाग घासून जात नाहीत.

दंतवैद्याकडे केव्हा जावे?

दुखत नसले तरी वर्षातून एकदा दात दाखवावेत. दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबत नसेल, दात हलत असेल, तोंडातील जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल किंवा तोंड पूर्वीएवढे उघडत नसेल, तर विलंब न करता जिल्हा रुग्णालयात तपासून घ्यावे. तंबाखू-सुपारी खाणाऱ्यांनी ही लक्षणे अंगावर काढू नयेत.

तण लहान असतानाच खुरपणी सोपी जाते, हे आपणास सांगावयास नको. आज रात्री झोपण्यापूर्वी घरातील सर्वांनी दात घासावेत आणि तव्यावरची मशेरी कायमची उतरवावी.