जठराचा वेग आणि ट्रिप्टोफॅन

प्रश्न : जिममधल्या प्रोटीन पावडरच्या डब्यावर अमिनो आम्लांची लांबलचक यादी असते. सोबतचा मुलगा म्हणतो, यातल्या काहींमुळे पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. खरंच असं असतं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : असतं, पण त्या यादीतलं एकच नाव ठळकपणे वेगळं वागतं. ते म्हणजे ट्रिप्टोफॅन.

जठराने अन्न किती वेगाने पुढे सोडायचं, हे बरंचसं लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग ठरवतो. तिथल्या पेशींना स्निग्धांश किंवा अमिनो आम्लं जाणवली की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक स्रवतं. मग जठराची घुसळण मंदावते आणि जठराच्या खालच्या तोंडाशी असलेलं स्नायूंचं कडं आवळतं. नुसतं द्रावण तीव्र असलं, म्हणजे त्यात विरघळलेले कण जास्त असले, तरीही वेग घटतो. 1970च्या दशकात कुत्र्यांवर प्रयोग झाले, तेव्हा बहुतेक अमिनो आम्लांचा परिणाम या तीव्रतेच्या हिशेबात बसला. ट्रिप्टोफॅनचा बसेना, ते त्याहून जास्त अडवत होतं. अलीकडे ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या संशोधकांनी माणसांना सुमारे 3 ग्रॅम ट्रिप्टोफॅन थेट जठरात देऊन पाहिलं, तेव्हाही जठर सावकाश रिकामं झालं. संप्रेरक स्रवणाऱ्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारा एक ग्राही असतो. ट्रिप्टोफॅन, फेनिलअलनिन अशी वलयधारी अमिनो आम्लं त्याला चटकन चेतवतात.

आता तुमचा डबा. प्रथिनांत ट्रिप्टोफॅन असतं शेकडा एक-दोन ग्रॅम. म्हणजे 25 ग्रॅम प्रथिनाच्या एका मापात फार तर अर्धा ग्रॅम, आणि तेही साखळीत गुंफलेलं, सुटं नव्हे. तेव्हा मित्राचा सिद्धांत प्रयोगशाळेत बरोबर, शेकरमध्ये नाही.

डब्यावर खरं पाहायचं ते प्रथिन कुठलं आहे. दुधातलं केसीन जठरातल्या आम्लात फाटून त्याचे गोळे होतात आणि ते रेंगाळतात. व्हे, म्हणजे पनीर करताना उरणाऱ्या पाण्यातलं प्रथिन, तसं गोठत नाही; ते भराभर पुढे सरकतं.

सुट्या ट्रिप्टोफॅनच्या कॅप्सूल मिळतात, पण नैराश्यावरची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नका. शरीर त्यापासून सेरोटोनिन बनवतं आणि दोन्हींची बेरीज धोक्याची ठरू शकते.