शस्त्रक्रिया 'केली' म्हणजे काय केले?

पदव्युत्तर वर्गात नवा आलेला विद्यार्थी पहिल्याच महिन्यात मला विचारतो, "सर, इथे केसेस किती मिळतील?" प्रश्न रास्त आहे. नुसते पाहून हात तयार होत नाही.

अमेरिकेत याचे उत्तर आकड्यांत दिलेले आहे. १८८९ साली सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हॉलस्टेड यांनी पायरीपायरीने जबाबदारी वाढवत शिकवण्याची पद्धत रुजवली. तीत मुदत मात्र ठरलेली नसे. आज तेथे जनरल सर्जरीचे शिक्षण ५ वर्षांचे असून त्यात किमान ८५० शस्त्रक्रिया कराव्या लागतात (पूर्वी ७५० पुरत), त्यांपैकी २०० शेवटच्या वर्षात. शिवाय किमान २५ वेळा स्वतः बाजूला उभे राहून कनिष्ठाकडून करवून घ्यायची. हे मला सर्वांत अवघड वाटते!

पण मित्रहो, आकड्यापेक्षा मोजण्याचा नियम मोलाचा आहे. शस्त्रक्रिया आपल्या नावावर लावायची तर तिचा महत्त्वाचा भाग स्वतः केलेला हवा. एवढेच नव्हे, तर निदान, शस्त्रक्रियेची निवड, आधीची तयारी व नंतरची देखभाल यांतही सहभाग हवा. अपेंडिक्सचेच घ्या. रात्री रुग्णाचे पोट कोणी तपासले? उघडायचे की वाट पाहायची, हे ठरवताना कोण होते? तिसऱ्या दिवशी ताप चढला तेव्हा जखम कोणी पाहिली? बोलावल्यावर येऊन, कापून निघून गेलेल्याच्या खाती ती केस जमा होत नाही.

तरीही पन्नास हर्निया केलेले दोघे सारखे तयार नसतात. म्हणूनच २०२३ सालापासून तेथील मंडळाने आकड्यांच्या जोडीला, विद्यार्थ्यावर कोणते काम कितपत सोपवता येईल, हे शिक्षकांनी वेळोवेळी नोंदवण्याची पद्धत आणली आहे.

आपल्याकडे एम. एस. ३ वर्षांचे, नोंदवही सक्तीची. तीत 'साहाय्य केले' हा शब्द फार लवचिक. दोन तास रिट्रॅक्टर धरणेही साहाय्य आणि अर्धी शस्त्रक्रिया करणेही साहाय्यच! परीक्षेच्या आदल्या रात्री एकाच शाईने भरलेल्या वह्याही मी पाहिल्या आहेत. त्यामुळे तोंडी परीक्षेत मी वहीतील पाने मोजत बसत नाही. एका ओळीवर बोट ठेवतो आणि विचारतो, "हा रुग्ण मराठी बोलत होता की कन्नड? शस्त्रक्रियेआधी त्याने तुला काय विचारले? आणि त्याचे टाके कितव्या दिवशी काढलेस?"