हँग झालं की आधी माउस सोड

बापू, शेंदूरजनाघाटात नर्सरीच्या बिलांचं काम तू घेतलंस ते ऐन जूनमध्ये. बाहेर जंभेरीवर बांधलेल्या संत्र्याच्या कलमा गाडीत चढत असणार, गिऱ्हाईक दारातून विचारणार, "झालं का जी?" आणि नेमकं तेव्हाच बिल अडकणार. अशा वेळी पहिल्यांदा माउसवरचा हात काढ. तू मारलेलं एकेक क्लिक रांगेत थांबतं आणि सुटलं की सगळी एकदम अंगावर येतात. कलमेचा डोळा रोज सोडून पाहिला तर तो धरतो का?

मग अडकलंय कोण ते बघ. कॅप्स लॉक दाबून दिवा लागला-विझला, तर मशीन शुद्धीवर आहे. क्लिक केल्यावर नुसतं 'टुंग' वाजतंय? 'हो की नाही' विचारणारी चौकट मागे दडलेली असेल, ऑल्ट-टॅबने शोध. प्रिंटर बंद असला तरीही बिल थिजतं, आणि तिकडे कोणी बघतच नाही.

पाच सेकंद प्रोग्रामने उत्तर दिलं नाही की विंडोज त्याच्यापुढे 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहून मोकळं होतं. तेवढ्यावरून तो मेला असं समजू नको. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाब, टास्क मॅनेजर उघडेल. सीपीयू आणि डिस्कचे आकडे हलत असले, तर गिऱ्हाईकाला चहा सांग.

आकडे गप्प असले तरच 'एन्ड टास्क'. पण त्याआधी मोबाइलने पडद्याचा फोटो काढ. नाव, नग, रक्कम, जे दिसतंय ते तरी हाती राहतं. वर्ड सहसा दर 10 मिनिटांनी आपली प्रत ठेवतं. मधलं टाइपिंग गेलं ते गेलं, म्हणून कंट्रोल-एसची सवय लाव.

क्रोममध्ये एकच टॅब रुसला असेल तर शिफ्ट-एस्केपने क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, त्यातून तेवढाच बंद कर. सातबाऱ्याचे 15 रुपये भरताना पान अडकलं, तर पुन्हा भरू नको. आधी खात्यातून गेले का ते बघ.

काहीच हललं नाही तर पॉवरचं बटण दाबून धर, मशीन बंद होईपर्यंत. वायर उपटायची नाही.

आणि रोज त्याच जागी तेच अडकत असेल, तर स्वतःला बोल लावू नको. सॉफ्टवेअरवाल्याला तो फोटो पाठव आणि दुरुस्त करून माग.