आधी श्रद्धा की आधी शाई?

प्रश्न : माझे वय ७१. यजमान गेल्यावर ज्ञानेश्वरी बोरूने उतरवून काढायला घेतली. समासात वेलबुट्टीही काढते. बारा अध्याय झाले. आता हात कापतो, मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, आणि तेरावा अध्याय समोर आला की धीर सुटतो. घरात सगळे म्हणतात, तुमची श्रद्धा मोठी. खरे सांगायचे तर माझी पूजाअर्चा बेताचीच. मग हे मी कशाच्या बळावर करते आहे? अर्धवट राहिले तर? नात म्हणते, मी लिहू लागते. तेही चालेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तेराव्या अध्यायाशी धीर सुटावा यात नवल नाही. बारावा जेमतेम अडीचशे ओव्यांचा, आणि त्याला लागून अकराशेहून अधिक ओव्यांचा तेरावा. अध्याय मोजले तर तुमचे दोन तृतीयांश काम झाले आहे. ओव्या मोजल्या तर अजून निम्मेही नाही, कारण एकटा अठरावाच अठराशेच्या पुढे जातो. तेव्हा दमल्याचे खापर श्रद्धेवर फोडू नका.

श्रद्धा आधी असावी लागते की काम करता करता येते, हा तुमच्या पत्रातला खरा प्रश्न. माझे मत असे की, उतारवयात घेतलेल्या मोठ्या कामात ती बहुधा मागून येते, आणि सुरुवातीला देवाशी तिचा संबंध असतोच असे नाही. उद्या सकाळी उठून बसावे असे काहीतरी आपली वाट पाहते आहे, एवढाच तो भरवसा असतो.

मेरी डिलेनी या इंग्रज बाईंची हकीकत तुम्हाला जवळची वाटेल. जन्म १७०० चा. पती धर्मगुरू, ते १७६८ मध्ये गेले. बाई श्रद्धाळू होत्या, चित्रकला आणि भरतकामात तरबेज होत्या, तरीही आधीच्या आवडींमध्ये मन लागेना, कारण कौतुक करणारा माणूसच उरला नव्हता. त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. श्रद्धा होती, पण सकाळी हात कशाकडे वळत नव्हता. पुढे १७७२ मध्ये, ७२ व्या वर्षी, मैत्रिणीच्या घरी राहत असताना जिरेनियमच्या पाकळीचा आणि जवळच पडलेल्या लाल कागदाचा रंग एकच आहे असे त्यांच्या लक्षात आले. कात्री घेऊन त्यांनी पाकळ्या कातरल्या. मैत्रीण खोलीत आली आणि तिला ते खरेच फूल वाटले, असे सांगतात.

तिथून दहा वर्षे हेच काम. खरे रोप समोर ठेवायचे, कागद रंगवून त्याचे बारीक तुकडे कातरायचे आणि काळ्या पार्श्वभूमीवर एकावर एक चिकटवायचे. पाकळीची सावली, पानाची शीर, देठावरची लव, सगळे कागदातून. एकेका फुलात शेकडो तुकडे असत. आणि मागच्या बाजूला वनस्पतीचे नाव, तारीख, ठिकाण आणि रोप कोणी दिले तेही. ही तारखेची सवय मला विशेष मोलाची वाटते. आजचा दिवस वाया गेला नाही याची ती लेखी साक्ष होती, आणि उद्याच्या फुलाला तेवढा आधार पुरत होता.

त्यांचा संकल्प हजार फुलांचा होता. १७८२ मध्ये दृष्टी अधू झाल्यावर काम थांबले तेव्हा ९८५ झाली होती. ती सगळी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि ती पाहताना उरलेल्या पंधरांची आठवण कोणाला येत नाही. ‘अर्धवट राहिले तर?’ याचे उत्तर मी यातच शोधतो. बारा पूर्ण अध्याय ही अपुरी पोथी नव्हे. त्या बारा अध्यायांची ती पुरी पोथी आहे.

श्रद्धेविषयी आणखी एक माणूस आठवतो, फ्रेंच चित्रकार आंरी मातिस. १९४१ मध्ये पोटाच्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली, पुढचे आयुष्य बरेचसे अंथरुणात आणि चाकाच्या खुर्चीत गेले. त्याची शुश्रूषा केलेली तरुणी पुढे जोगीण झाली, आणि तिच्या मठासाठी वांस गावी प्रार्थनामंदिर उभारण्यात तो जवळजवळ चार वर्षे गुंतला. उभे राहणे कठीण, म्हणून लांब बांबूच्या टोकाला कोळसा बांधून तो मोठ्या आकृत्या काढी. खिडक्यांत पिवळा, हिरवा आणि निळा एवढेच रंग. १९५१ मध्ये मंदिराचा अर्पणविधी झाला तेव्हा प्रकृतीमुळे तो तिथे जाऊही शकला नाही. रूढ अर्थाने तो धर्मनिष्ठ नव्हता; देवावरचा आपला विश्वास त्याने काम करतानाच्या वेळेशी जोडला होता. तुमची स्थितीही याहून फार वेगळी नसावी, असे पत्र वाचताना वाटले.

आपल्याकडेही पोथी उतरवणारे शेवटच्या पानावर शक, तिथी, गाव लिहीत. पुष्कळदा लिहिताना पाठीची, मानेची, डोळ्यांची काय गत झाली ते सांगून ग्रंथ जपण्याची विनंती करणारा श्लोकही जोडत. शरीराची कुरकुर त्यांनी लपवली नाही, तुम्हीही लपवू नका.

हात कापत असेल तर बोरूची जीभ रुंद कापा, अक्षर मोठे करा, पानावरच्या ओळी कमी करा. आधीच्या अध्यायांशी मेळ बसणार नाही. नाही बसला तरी चालेल. रोज पाचच ओव्या धरल्या तरी तेरावा आठ महिन्यांत होतो. वेलबुट्टी बारीक नजरेचे काम आहे. ती दुपारच्या उजेडासाठी ठेवा, आणि डोळ्यांना ताण जाणवला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. पानाच्या तळाशी पेन्सिलीने तारीख टाकत जा.

नातीचा हात अवश्य घ्या. एकाच पोथीत दोघांचे अक्षर दिसणे जुन्या पोथ्यांना नवे नाही. आधी तिला दंड आणि ओव्यांचे आकडे लाल शाईने भरायला द्या. ओळीची उंची अंगवळणी पडली की चौदावा तिच्याकडून सुरू करून घ्या. तो तेराव्याच्या निम्माही नाही.